दोन मॉनिटरवर हिशोबाचं काम: काही महिन्यांच्या वापरानंतर

जीएसटीचं काम करणाऱ्याने दुसरा मॉनिटर घ्यावा का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ‘डोळे झाकून घ्या’ हेच आहे. एका स्क्रीनवर पोर्टलवरून उतरवलेली टू-बीची (म्हणजे विक्रेत्यांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीच्या बिलांच्या यादीची) एक्सेल, दुसरीवर टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधलं खरेदीचं रजिस्टर. टू-बी साधारण १४ तारखेला येते आणि महिन्याच्या महिन्याला थ्री-बी हे कर भरण्याचं रिटर्न भरणाऱ्यांची मुदत २० ला संपते. त्या आठवड्यात दुसऱ्या स्क्रीनचे पैसे वसूल होतात. पण गाडी रुळावर यायला वेळ लागला, आणि मधल्या काळात जो काही ताप झाला त्यातला एकही मॉनिटरच्या दोषाने झाला नाही. सगळी भानगड वायर, पोर्ट आणि सेटिंगची. म्हणून मॉनिटर कुठल्या कंपनीचा हे सांगत बसत नाही, त्याने काही फरक पडत नाही.

समोर नवा २७ इंची, २५६० बाय १४४० पिक्सेलचा. डावीकडे जुना २२ इंची फुल एचडी (१९२० बाय १०८०), ज्याला फक्त व्हीजीए आणि डीव्हीआय ही जुन्या पद्धतीची पोर्टं आहेत. कॉम्प्युटरात मॉनिटरला चित्र पाठवणारं साधं ग्राफिक्स कार्ड, त्यावर एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट अशी नव्या पद्धतीची एकेक पोर्टं. विंडोज ११.

पहिल्याच दिवशी जुन्यावर ‘नो सिग्नल’. कॉम्प्युटरवाल्याने नवा मॉनिटर कार्डाच्या एचडीएमआयला आणि जुना मदरबोर्डच्या व्हीजीएला लावला होता. “साहेब, मदरबोर्डचं पोर्ट गेलंय बहुतेक,” असं म्हणून तो मोकळा झाला. पोर्ट ठणठणीत होतं. माझा प्रोसेसर इंटेलचा, नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला. या एफवाल्यांत अंगचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे मदरबोर्डच्या डिस्प्ले पोर्टांतून चित्र बाहेर पडूच शकत नाही. ओळखायचं सोपं आहे: कॅबिनेटच्या मागे वर, यूएसबीच्या शेजारी असतात ती मदरबोर्डची पोर्टं, आणि खाली आडव्या पट्टीवर असतात ती कार्डाची. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर दोन्हीकडून चालवता येतं, पण कार्ड बसवल्यावर बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स बंद करून टाकतात. ते बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन पुन्हा चालू करावं लागतं.

मग नवा मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर हलवला आणि मोकळ्या एचडीएमआयला व्हीजीए कन्व्हर्टर लावून जुना जोडला. चित्र आलं, पण १०२४ बाय ७६८ वर अडकलेलं, अक्षरं फुगलेली, आणि तासाभराने कन्व्हर्टर हाताला चटका बसेल इतका गरम. मॉनिटर स्वतःचं रेझोल्यूशन ज्या माहितीतून कळवतो ती स्वस्तातल्या कन्व्हर्टरमधून पुढे जातच नाही, असं पुष्कळदा होतं. तो काढून एचडीएमआय-ते-डीव्हीआय अशी साधी वायर आणली आणि विषय संपला. या दोन पोर्टांत चित्राचा सिग्नल एकाच जातीचा असतो, मध्ये रूपांतर लागत नाही. फक्त आवाज जात नाही, पण जुन्या मॉनिटरला स्पीकर आहेत कुठे? डिस्प्लेपोर्टचं मात्र लक्षात ठेवा. कॉम्प्युटरचं डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरचं एचडीएमआय ही जोडी स्वस्त वायरीवर जमते. उलटी जोडी त्याच वायरीवर जमत नाही, त्यासाठी सिग्नलचं रूपांतर करणारा वेगळा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. दुकानात ‘दोन्ही बाजूंनी चालते’ म्हणून बिनदिक्कत गळ्यात मारतात.

या अदलाबदलीत एक फायदा आपोआप झाला. एचडीएमआयवर असताना नव्या मॉनिटरवर काळा रंग राखाडी, धुरकट दिसायचा. कार्ड त्याला टीव्ही समजून ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढीच रंगांची रेंज पाठवत होतं. कुणाला एचडीएमआयवरच राहायचं असेल तर कार्डाच्या कंट्रोल पॅनलमध्ये डायनॅमिक रेंज ‘फुल’ करा.

डिस्प्लेपोर्टने मात्र वेगळा वैताग दिला. चहाला जाऊन यावं तर मोठ्या स्क्रीनवरच्या सगळ्या विंडो जुन्यावर जाऊन कोंबलेल्या. मॉनिटर झोपला की तो काढूनच घेतला असं कॉम्प्युटरला वाटतं. मॉनिटरच्या मेनूत ‘डीप स्लीप’ असा पर्याय होता तो बंद केला, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘मल्टिपल डिस्प्लेज’खाली विंडोच्या जागा लक्षात ठेवण्याची खूण आहे ती चालू केली. आता क्वचितच होतं.

सगळ्यात चक्रावून टाकलं ते काळ्या पडद्याने. मोठा मॉनिटर मध्येच दोन सेकंद काळा व्हायचा आणि परत यायचा. कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, नवा टाकला, जुना टाकला, काही नाही. शेवटी ऑफिसातली मुलगी म्हणाली, “सर, तुम्ही खुर्चीतून उठलात की जातं, बघा.” बघितलं तर खरंच! गॅसवर वरखाली होणाऱ्या खुर्चीतून उठताना स्थिर विजेचा बारीक झटका बसतो, त्याची लहर कच्च्या वायरीत शिरते आणि सिग्नल क्षणभर तुटतो. मॉनिटर जोडायचं तंत्र बनवणाऱ्या डिस्प्लेलिंक कंपनीच्या मदतपानावर याच खुर्च्यांचा उल्लेख सापडला, नाहीतर मी कुणाला सांगितलंही नसतं. थंडीत हवा कोरडी असली की हे जास्त होतं. लांबलचक वायर काढून चांगल्या शिल्डिंगची आखूड आणली, ती एक्स्टेन्शन बोर्डापासून लांब घेतली आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेतलं. तेव्हापासून बंद. पंख्याचं बटण दाबल्यावर स्क्रीन जात असेल तरी आधी हेच करून बघा.

बाकी किरकोळ. एका स्क्रीनवरून दुसरीवर जाताना माऊस कोपऱ्यात अडतो, कारण एकीची उंची १४४० आणि दुसरीची १०८०. सेटिंगमधले दोन चौकोन ओढून टेबलावर मॉनिटर जसे आहेत तसे मांडले की अडणं कमी होतं. एखादी विंडो बंद असलेल्या मॉनिटरवर उघडून गायब झाली तर टास्कबारवर तिला निवडून विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण दाबा. दुसरी स्क्रीन अचानक गेली तर कुणालाही फोन करण्याआधी विंडोज-पी दाबून ‘एक्स्टेंड’ आहे का पाहा. तरीही नाही आलं तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट, बी एकदम दाबा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. आणि दोन्ही मॉनिटरच्या वायरी आपसात बदलून बघा. दोष वायरीबरोबर सरकला तर मॉनिटर सर्व्हिस सेंटरला न्यायची हमाली वाचते.

दोन्हींचे रंग जुळले नाहीत आणि जुळणारही नाहीत. जुना पॅनल बाजूने पाहिला की फिका पडतो. ताळेबंद बघायला त्याने काही बिघडत नाही, पण फोटो किंवा छपाईचं काम असेल तर एकाच मॉडेलचे दोन घ्या, जुना जोडीला ठेवण्याचा मोह टाळा. ज्यावर जास्त काम तो मॉनिटर अगदी समोर ठेवा. दोघांच्या मधोमध बसलात तर आठवड्यात मान धरते.

डिस्प्लेपोर्टची वायर काढताना तिच्यावरचं छोटं बटण दाबून मगच ओढा. आत अडकवणारे दोन बारीक हुक असतात, तसंच खेचलं तर वायरीबरोबर कार्डाचं पोर्टही ढिलं होतं.