वेटसूट घेताना आधी जाडी मोजा

माझा धाकटा भाऊ इंग्लंडात प्लिमथला शिकतो. सर्फिंगचा नाद त्याला तिथेच लागला. डिसेंबरात घरी आला तेव्हा थंडीतल्या समुद्रासाठी वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, हवा म्हणाला. तिकडे महाग पडेल म्हणून मीच इन्स्टाग्रामवर शोधला. ‘एकदाच वापरलेला, ५/४’ असं लिहिलं होतं. म्हणजे छाती-पाठीला ५ मिलिमीटर रबर, हातापायांना ४. यूपीआयने साडेनऊ हजार पाठवले, कुरिअर छत्रपती संभाजीनगरला घरपोच आलं. दंडावर ठळक ५/४ छापलेलं.

गंगापूरकडे मामाच्या ज्या विहिरीत पाठीला डबा बांधून आम्ही पोहायला शिकलो, तिथेच त्याने सूट घालून सूर मारला. “दादा, गारवा लागतच नाही!” म्हणाला. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमटच असतं. तिथे कुठलाही सूट पास होणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

फेब्रुवारीत तो इंग्लंडातल्याच कॉर्नवॉलच्या चॅपल पोर्थ किनाऱ्यावर पाण्यात उतरला. समुद्र १० अंशांच्या आसपास. ओहोटीला तिथे ऐसपैस वाळू असते; भरतीला ती जवळपास सगळी बुडते आणि पाणी कड्यांना भिडतं. वेळेत बाहेर पडावंच लागतं. वेटसूट अंगालगत पाण्याचा पातळ थर धरून ठेवतो, तो अंगाच्या उबेने तापतो. याच्या सुटात प्रत्येक लाटेसरशी शिवणीतून गार पाणी आत येत होतं. “दादा, बोटं वळेनात रे. बोर्डाची कड धरवेना.” सोबतच्या दोघांनी त्याला ओढत वाळूवर आणलं. हे फोनवर ऐकताना मी खाली बसलो.

जूनमध्ये त्याने सूट परत आणला. मी वाळूजला कारखान्यात तपासणी विभागात आहे, जाडी मोजायचा व्हर्निअर लावला. न दाबता मोजलं, तरी पाठीला जेमतेम २ मिलिमीटर. नखाने खरवडलं तशी ५/४ची पट्टी सोलून निघाली. शिवण उजेडाकडे धरली तर टाक्यांची भोकं आरपार दिसली. थंड पाण्याच्या सुटाचे तुकडे आधी चिकटवतात आणि टाका रबराच्या आरपार जाऊ देत नाहीत. हे सगळं डिसेंबरातच घरी पाहता आलं असतं, याची बोच जात नाही.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, पण पैसे पाठवून सहा महिने उलटले होते. विकणाऱ्याचा नंबर बंद. मागच्या आठवड्यात तोच फोटो, झिपेजवळच्या त्याच पांढऱ्या डागासकट, दुसऱ्या नावाने विक्रीला लागलेला दिसला. किंमत आता अकरा हजार.