वेंगेनमध्ये स्कीचा पूर्ण हंगाम : वापरानंतरचा अनुभव

डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत स्वित्झर्लंडच्या आल्प्समधला वेंगेन, क्लायने शायडेग आणि मेनलिखेन हा स्कीचा पट्टा शनिवार-रविवारी नियमित वापरल्यानंतर हे लिहितो आहे. स्वित्झर्लंड-जर्मनीत नोकरी करणारे, स्कीच्या पहिल्या-दुसऱ्या हंगामात असलेले मराठी लोक डोळ्यांसमोर आहेत. गुलमर्ग किंवा औलीला थोडंफार शिकलेल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. मत आधीच देऊन टाकतो: शिकणाऱ्यासाठी आल्प्समधल्या उत्तम जागांपैकी ही एक आहे, आणि याचं मोठं श्रेय इथल्या रेल्वेला जातं.

वेंगेन १२७४ मीटरवर, लाउटरब्रुनेन दरीच्या वर, डोंगराच्या पायरीवर वसलेलं गाव आहे. बाहेरच्या गाड्यांना वर रस्ताच नाही. गाडी खाली लाउटरब्रुनेन स्टेशनला लागून असलेल्या पार्किंगमध्ये ठेवायची आणि दातेरी रुळांच्या वेंगर्नाल्प रेल्वेने पंधरा मिनिटांच्या आत वर यायचं. ही रेल्वे १८९३ पासून चालू आहे. हीच रेल्वे पुढे २०६१ मीटरवरच्या क्लायने शायडेगला जाते आणि तिथून पलीकडे ग्रिंडेलवाल्डला उतरते. झुरिक किंवा बाझेलहून येणाऱ्यांसाठी एक सूचना: इंटरलाकेन ओस्ट स्टेशनवरून सुटणारी गाडी त्स्वायल्युचिनेनला दोन भागांत तुटते. एक भाग लाउटरब्रुनेनला जातो, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. चढण्याआधी डब्यावरची पाटी वाचा. स्की एका डब्यात आणि माणूस दुसऱ्या भागात, असा घोळ दर आठवड्याला कुणाचा तरी होतो.

रेल्वेचं श्रेय का, तर वेंगेन आणि क्लायने शायडेगच्या मध्ये आल्मेंड (१५०९ मीटर) आणि वेंगर्नाल्प (१८७३ मीटर) ही दोन छोटी स्टेशनं आहेत आणि खाली येणारी वाट दोन्हींच्या जवळून जाते. पाय थकले, धुकं आलं, मूल रडायला लागलं, की पुढच्या स्टेशनवर स्की काढायच्या आणि गाडीत बसायचं. बऱ्याच रिसॉर्टमध्ये एकदा वर गेलं की उतार संपवल्याशिवाय सुटका नसते, आणि नवशिक्याचे गुडघे दुखावतात ते त्या शेवटच्या सक्तीच्या उतारावर. इथे ती सक्ती नाही. गाड्या साधारण अर्ध्या तासाने असतात. वेळापत्रकाचा फोटो फोनमध्ये ठेवा, कारण थंडीत बोटं उघडी ठेवून अ‍ॅप शोधत बसणं जमत नाही.

स्कीपासमध्ये ही रेल्वे धरलेली असते. मात्र पास आयगरग्लेचरपर्यंतच (२३२० मीटर) चालतो. तिथून जुंगफ्राउयोखला, म्हणजे आपले सहलीवाले जातात त्या ३४५४ मीटरवरच्या स्टेशनला जायचं तर तिकीट वेगळं. दोन्ही एकाच दिवशी बसवू नका, दोन्ही अर्धवट होतात.

आता दिवस कसा आखायचा ते. मेनलिखेनचा कडा वेंगेन आणि ग्रिंडेलवाल्ड यांच्या मधोमध उभा आहे. त्याची ग्रिंडेलवाल्डकडची बाजू पूर्वेला तोंड करून असल्यामुळे सकाळचं ऊन तिथे आधी पोचतं. म्हणून सकाळी गावातून केबलकारने मेनलिखेनला जा. वरचे निळे (म्हणजे सोपे) उतार रुंद आणि सलग आहेत, वळणं घोटवायला यापेक्षा चांगली जागा या पट्ट्यात नाही. लक्षात ठेवा, मेनलिखेनवरून वेंगेनच्या बाजूला पिस्ट, म्हणजे स्कीसाठी तयार केलेली वाट, नाही. तिकडे कडा आणि हिमप्रपात अडवणारी लोखंडी कुंपणं आहेत. दुपारकडे क्लायने शायडेगला या. वेंगेनची बाजू पश्चिमेला असल्याने ऊन उशिरापर्यंत टिकतं. आयगर शिखराच्या उत्तर भिंतीखालचे उतार मात्र बराच वेळ सावलीत राहतात. तिथला बर्फ मार्चमध्येही कोरडा असतो, पण जानेवारीत गारठा हाडापर्यंत जातो आणि घासलेल्या जागी पृष्ठभाग टणक होतो.

मार्चच्या शेवटी गणित बदलतं. रात्री गोठलेला बर्फ सकाळी नऊला कडक असतो, स्कीच्या कडा धरत नाहीत. साडेदहा-अकरानंतर वरचा थर सैल होऊन जाड रव्यासारखा दाणेदार होतो, आणि तो दीड-दोन तासांचा काळ म्हणजे वसंतातल्या स्कीचं खरं सुख. एकनंतर ढीग साचतात, स्की त्यांत अडकते, गुडघा पिळला जातो. अशा दिवशी उशिरा सुरुवात करून जेवणाआधी थांबावं. ग्रिंडेलवाल्डच्या तळापर्यंतचा उतार हजार मीटरच्याही खाली जातो. उन्हाळी हवेत तिथे शेवटी चिखल आणि गवत लागतं, म्हणून त्या टप्प्याला रेल्वे किंवा गोंडोला (छोट्या बंद डब्यांची केबलकार).

ढगाळ दिवसाची भीती नवशिक्यांना नसते, आणि ती असायला हवी. क्लायने शायडेगच्या आसपास झाडं नाहीत. सपाट प्रकाशात सावल्या पडत नाहीत, त्यामुळे खड्डा आणि उंचवटा एकसारखा पांढरा दिसतो आणि आपण थांबलोय की सरकतोय हेही कळेनासं होतं. गॉगलची गडद एस-३ काच अशा वेळी निरुपयोगी ठरते. पिवळसर किंवा गुलाबी एस-१ काच सोबत हवी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खाली, आल्मेंड-इनरवेंगेनकडे झाडांच्या पट्ट्यात यायचं, कारण झाडांमुळे डोळ्याला उताराचा अंदाज येतो.

सामानावर पैसे कुठे घालावेत? बुटांवर. स्की भाड्याने घ्या, दोन हंगाम तरी. बूट मात्र शक्य झाल्यास स्वतःचे आणि दुकानात तासभर बसून घेतलेले असावेत. बुटाचा आकडा म्हणजे पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये: पाऊल २६.५ सेंटिमीटर तर बूट २६.५. बहुतेक कंपन्यांचं बाहेरचं कवच २६ आणि २६.५ ला एकच असतं. म्हणून आकड्यावर न जाता कवच तपासा. आतला मऊ लायनर काढायचा, रिकाम्या कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागची जागा बघायची. दीड ते दोन सेंटिमीटर ठीक. तीन बोटं जात असतील तर बूट मोठा आहे. मग लायनर घालून सरळ उभं राहिलं की बोटं पुढे टेकायला हवीत, आणि गुडघे पुढे वाकवले की किंचित सुटायला हवीत. आपल्याकडच्या सवयीने लोक ‘जरा ऐसपैस’ बूट मागतात, आणि भाड्याच्या दुकानात गर्दी असली की तो मिळतोही. मग टाच वर उचलली जाते, ती दाबायला पुढची बक्कलं आवळली जातात, पावलाचं रक्त अडतं आणि तासाभरात बोटं बधिर. दोष थंडीला दिला जातो.

बूट घालताना आत फक्त एकच पातळ, गुडघ्यापर्यंतचा मोजा. थर्मलची पँट बुटाच्या वरच संपली पाहिजे. तिची एक घडीही आत राहिली तर नडगीवर दुपारपर्यंत वळ उठतो. पाय घातल्यावर टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवा, मग आधी घोट्याजवळचं बक्कल, नंतर वरचं, आणि पंजावरची दोन नुसती अडकवण्यापुरती. अर्ध्या तासाने पुन्हा एकदा वरची आवळा, लायनर तोवर गरम होऊन दबलेला असतो. शिकणाऱ्याला बुटाचा कडकपणा (फ्लेक्स) ७० ते ९० च्या दरम्यानचा पुरतो.

बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडताना सोडणाऱ्या पकडीचा, आकडा दुकानदार वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी यांवरून ठरवतो. ही लांबी मिलिमीटरमध्ये टाचेजवळ कोरलेली असते. वजन खरं सांगा आणि कौशल्य वाढवून सांगू नका. आकडा जास्त लागला तर पडताना स्की सुटत नाही आणि भार गुडघ्याच्या अस्थिबंधावर येतो. स्वतःचे बूट ग्रिपवॉक (चालायला सोयीच्या) तळाचे असतील तर भाड्याचं बाइंडिंग त्या तळाला चालतं का, हे विचाराच. उतारावर स्की पुन्हा घालताना नेहमीची अडचण अशी: खट् आवाज येतो, पण दोन पावलांत स्की निघते. कारण बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ. बाइंडिंगच्या पुढच्या तुकड्याच्या कडेवर तळ खरवडा, स्की उताराला आडव्या ठेवा, आधी खालच्या बाजूची घाला, मग वरची.

स्कीची लांबी हनुवटी ते नाक यांदरम्यान, मधली रुंदी ७० ते ८० मिलिमीटर. जेवायला जाताना जोडीतल्या दोन्ही स्की एकत्र ठेवू नका. दोन वेगळ्या रॅकवर एकेक ठेवली की कुणी चुकून उचलून नेत नाही. भाड्याच्या स्की सगळ्या सारख्याच दिसतात.

पहिले दोन-तीन दिवस गावातल्या फिगेलरच्या सौम्य उतारावर आणि स्की शाळेत घालवा. ओढणाऱ्या लिफ्टवर बसायचं नसतं. दांडा मागे टेकवून उभं राहायचं आणि तिला ओढू द्यायचं. बसलात की पडलात. खुर्चीच्या लिफ्टवर पाठपिशवी पुढे घ्या आणि काठ्या एका हातात. पास जॅकेटच्या डाव्या खिशात ठेवा, फाटकाचा वाचक डावीकडे असतो, आणि त्याच खिशात फोन ठेवू नका, दार उघडत नाही.

दिवसातली सगळ्यात वाईट वेळ म्हणजे चारच्या सुमारास गावाकडे उतरणारी वाट. सगळे एकाच वेळी निघतात, अरुंद जागी बर्फ घासून टणक झालेला असतो, बाजूंना ढीग असतात आणि पाय थकलेले. एक तर तीनला निघा, नाहीतर गाडी घ्या. खालचा माणूस कसाही वळला तरी टक्कर टाळायची जबाबदारी वरून येणाऱ्याची, हा आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचा नियम इथे गांभीर्याने पाळला जातो. थांबायचं तर कडेला, आणि वरून दिसेल अशा जागी.

पिस्टच्या बाहेरचा मोकळा बर्फ खुणावतो, पण सोबत जाणकार आणि उपकरणं नसतील तर तिकडे जाऊ नका. दावोसच्या एसएलएफ संस्थेचं हिमप्रपाताचं पत्रक हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाचला येतं. धोका १ ते ५ अंकांत असतो, आणि ३ म्हणजे ‘मध्यम, चालेल’ असं समजणं जीवघेणं आहे. हेलिकॉप्टर बचावासाठी रेगा या संस्थेचा क्रमांक १४१४. स्वित्झर्लंडमध्ये एकाच ठिकाणी आठवड्याला किमान आठ तास नोकरी करणाऱ्याला कामाबाहेरच्या अपघाताचा विमा मालकाकडून असतो. भारतातून आलेल्या आई-वडिलांचं तसं नाही. त्यांच्या प्रवास विम्यात हिवाळी खेळ धरलेत का, हे पॉलिसीत शब्दशः वाचून घ्या.

जानेवारीच्या मध्यात लाउबरहॉर्नची शर्यत असते, १९३० पासून. सुमारे साडेचार किलोमीटरचा हा उतार विश्वचषकातला सर्वांत लांब आहे, आणि हानेगच्या सरळ टप्प्यावर वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास जातो. बघायला जरूर या. स्की करायला मात्र तो शनिवार-रविवार सोडा, कारण गाड्यांत उभं राहायला जागा नसते आणि काही पिस्ट बंद असतात.

शाकाहाऱ्यांनी रोश्टी (किसलेल्या बटाट्याचा परतलेला पदार्थ) ‘श्पेक’शिवाय, म्हणजे डुकराच्या मांसाशिवाय, मागावी. आल्प्लरमाग्रोनेन या चीज घातलेल्या पास्त्यामध्येही बऱ्याचदा डुकराचं मांस असतं, आणि भाजीचं म्हणून दिलेलं सूप मांसाच्या अर्कावर केलेलं असू शकतं. सरळ विचारा, नीट सांगतात. डोंगरावरच्या जेवणाचे भाव जड आहेत. पोळीची गुंडाळी खिशात ठेवणं सगळ्यात बरं, फक्त आतल्या खिशात, नाहीतर कडक होते.

उणिवा आहेत. फ्योन हा दक्षिणेचा वारा सुटला की मेनलिखेनच्या लिफ्ट बंद होतात आणि सगळी गर्दी रेल्वेवर येते. गावाची उंची कमी असल्याने डिसेंबरात खालचा टप्पा यंत्राच्या बर्फावर चालतो. २०२० च्या डिसेंबरात सुरू झालेला आयगर एक्सप्रेस गोंडोला ग्रिंडेलवाल्डकडून पंधरा मिनिटांत आयगरग्लेचरला पोचवतो, त्यामुळे त्या बाजूला सकाळी दहानंतर गर्दी वाढते. वेंगेनकडून लवकर वर गेलं तर ती चुकते. आणि लाल-काळे उतार सहज करणाऱ्याला आठवडाभरात हा पट्टा सौम्य वाटू लागेल. त्यांनी दरीपलीकडे म्यूरेनहून शिल्टहॉर्नचे उतार बघावेत, किंवा उंचावरचा खात्रीचा बर्फ हवा असेल तर सरळ झेरमाटला जावं, जिथे ३८८३ मीटरवरच्या हिमनदीवर उन्हाळ्यातही स्की चालतं.