सोलर झटका मशीन शेळ्यांसाठी वापरून दीड वर्ष झालं, माझा अनुभव

झटका मशीन म्हणजे कुंपणाच्या तारेत ठोक्याठोक्यानं करंटचा झटका सोडणारी पेटी. तिचं नाव काढलं की सगळ्यांना पिकात घुसणारी रानडुकरंच आठवतात. दुकानदारानंही पहिला प्रश्न तोच केला, "मका आहे का भुईमूग?" म्हणलं दोन्ही नाही, गवत आहे. तो हसला. गवताला कोण कुंपण घालतं हा त्याचा प्रश्न बरोबरच होता म्हणा.

आमचं रान भूम तालुक्यात, बालाघाटाच्या माळाला लागून. चार एकर मुरमाड पड, तिच्यात दुसरं काही येत नाही. 22 उस्मानाबादी शेळ्या आणि तीन मेंढ्या. इकडं खव्याच्या भट्ट्यांमुळं घरटी म्हैस, म्हणजे सगळ्यांचं लक्ष गोठ्यातल्या वैरणीवर आणि माळाकडं बघतो कोण. आम्ही पण वर्षानुवर्षं शेळ्या सोडायचो आणि त्या जे गोड ते आधी संपवायच्या, पवना-मारवेल या चांगल्या गवतांचं कोवळं फुटलं की लगेच खुडलं, परत फुटलं परत खुडलं, शेवटी माळावर उरलं काय तर कुसळ, तरोटा आणि गाजर गवत. गवताला दम घ्यायला वेळच मिळत नव्हता हे मला फार उशिरा कळलं.

मग हिशोब केला. चार एकर म्हणजे 160 गुंठे, 10-10 गुंठ्यांचे 16 तुकडे, एका तुकड्यात तीन दिवस, म्हणजे परत त्याच जागी यायला 48 दिवस. जंताची अंडी लेंडीतून पडली की पावसाळ्यात साधारण आठवड्याच्या आत त्यातल्या अळ्या गवतावर चढायच्या तयारीत येतात, त्याआधी शेळी तिथून हललेली बरी, आणि परत येईपर्यंत त्यातल्या बऱ्याच अळ्या उन्हानं मेलेल्या असतात. हे सगळं कागदावर छान. पण 16 तुकड्यांना तारेचं पक्कं कुंपण घालायचं तर शेळ्या विकाव्या लागल्या असत्या! म्हणून हे उठवून नेता येणारं कुंपण.

मशीन, 20 वॅटचं पॅनल, 12 व्होल्टची बॅटरी, क्लच वायर (कुंपणाची तार), इन्सुलेटर आणि फायबरचे रॉड, सगळं मिळून साडेबारा हजार गेले. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण बाजारातल्या बऱ्याच पेट्या आतून सारख्याच वाटल्या.

पहिल्या आठवड्यात पूर्ण फजिती. मशीन टिकटिक करतंय, लाईट लुकलुकतोय, आणि शेळ्या निवांत तारेतून पलीकडं. मला वाटलं फसवलं. दुकानात फोन केला तर म्हणे तार घट्ट करा. शेवटी तारेतले व्होल्ट मोजायचा टेस्टर विकत आणला तेव्हा कळलं, मशीनच्या तोंडाशी आठ हजार व्होल्ट आणि लांबच्या कोपऱ्यात जेमतेम दोन हजार. दोष अर्थिंगचा. सोबत दिलेली सळई होती फुटभर, आणि मे महिन्यात आमच्या मुरमात ओल कुठली, त्यामुळं झटक्याला परतीचा रस्ताच नाही. चार-चार फुटांच्या तीन सळया दहा-दहा फुटांवर ठोकल्या, पाण्याच्या हौदाच्या सांडव्याजवळ, आणि चार तारांपैकी एक सोडून एक तार अर्थिंगला जोडली. म्हणजे शेळीनं दोन तारांच्या मधी मान घातली की झटका बसणारच, जमीन कोरडी असो नाहीतर ओली. ही गोष्ट दुकानदारानं सांगायला पाहिजे होती, पाचातला एक स्टार तिथंच गेला.

आई आधीपासूनच विरोधात. "अरे मुक्या जनावराला करंट देतोस, पाप कुठं फेडशील?" अण्णांनी मात्र हिरव्या गवताची लांब काडी घेतली, तिचं टोक तारेवर टेकवलं आणि हळूहळू हात पुढं सरकवत नेला. बोटात गुदगुल्या, मग मुंग्या, मग एकदम हात मागं आणि एक शिवी. नंतर म्हणाले, "चावतंय, पण धरून ठेवत नाही." बरोबर तेच आहे, सेकंदाला एक ठोका, तोही क्षणाच्या बारीक तुकड्याएवढा, त्यामुळं जनावर चिकटत नाही. म्हणून हात जोडून सांगतो, मशीनचे पैसे वाचवायला घरच्या लाईनची वायर थेट तारेला जोडू नका. दरवर्षी पावसाळ्यात अशानं माणसं मेल्याच्या बातम्या येतात, आणि तो गुन्हा आहे.

शेळ्यांना शिकवावं लागतं. गोठ्यासमोर छोटं रिंगण करून तारेला बाभळीचा पाला बांधला. एकेकीनं नाक लावलं, एकदा केकाटली, संपला विषय. बोकडाला तीनदा लागला तेव्हा अक्कल आली. करडं खालच्या तारेखालून सुटतात, पण आई आत असल्यावर जातात कुठं, दूध प्यायला परत येतातच. आणखी एक, जाळीचं कुंपण पण मिळतं, पण शिंगाच्या शेळ्यांना ते घेऊ नका, शिंग अडकलं तर जनावर झटके खात तिथंच पडून राहतं.

आता वैताग. वीतभर उंचीवरची खालची तार ऑगस्टमध्ये गवताला टेकते आणि सगळा करंट गवत पितं, त्यामुळं तार ओढायच्या आधी खालची पट्टी विळ्यानं कापायची. दर तीन दिवसांनी रॉड उपटा, तार गुंडाळा, परत ठोका, दोन माणसांना दीड तास. मी नंतर तारेचा अजून एक संच घेतला, पुढचा तुकडा आधीच तयार ठेवायला. आषाढात पाच दिवस सूर्य दिसला नाही आणि बॅटरी बसली, 20 वॅटचं पॅनल पुरत नाही, सरळ 40 चं घ्या. आणि वळवाच्या पावसात वीज चमकून आतलं सर्किट जळालं, वॉरंटीत बसत नाही म्हणाले, टीव्ही दुरुस्तीवाल्यानं सहाशे रुपयांत करून दिलं. आता आभाळ गडगडलं की आधी वायरी काढतो, मग कपडे आत घेतो.

फायदा विचाराल तर गवतच दाखवतो. चार बोटं गवत उरलं की शेळ्या हलवायच्या हा एकच नियम पाळला, दुसऱ्या पावसाळ्यात पवना परत बांधाबांधानं दिसायला लागला. स्टायलो या चाऱ्याच्या झाडाचं बी पण टाकलं, उकळून जरा निवलेल्या पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवून, कारण त्याचं टरफल फार टणक असतं. जंताचं औषध आधी दोन महिन्याला न चुकता पाजायचो, आता दवाखान्यात लेंडी तपासून घेतो आणि यंदा पावसाळ्यात एकदाच पाजावं लागलं. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणारा रोग) लस मात्र पावसाआधी द्यायचीच, कोवळ्या हिरव्यावर शेळी तुटून पडते तेव्हाच तो घात करतो. गुराख्याचा पगार वाचला. उन्हाळ्यात कडबा विकत घ्यावाच लागतो, उगाच फुशारकी मारत नाही.

पाचपैकी साडेतीन. एक स्टार त्या फुटभर सळईचा, अर्धा पॅनलचा. टेस्टर मशीनसोबतच मागून घ्या, नाही दिला तर वेगळा घ्या पण घ्याच.

आणि मेंढ्यांवर कुणी वापरलं असेल तर सांगा राव. आमच्या तिघींना लोकरीमुळं काही लागतच नाही, अंग घासत पार जातात आणि शेळ्या आतून बघत बसतात.