फो-ला-मोंतान्य की सँ-लुई-द्यु-हा! हा!: छोट्या फ्रेंच गावात बिऱ्हाड करण्यापूर्वी

फ्रेंच शिकून एखाद्या फ्रेंचभाषक खेड्यात स्थायिक होऊ पाहणाऱ्या कुटुंबाने केवळ लोकसंख्येच्या आकड्यावरून गाव निवडू नये, असे माझे ठाम मत आहे. तो आकडा कशामुळे टिकून आहे, हे आधी तपासावे.

फो-ला-मोंतान्य हे फ्रान्सच्या क्रझ जिल्ह्यातील मिलव्हाश पठारावरचे सुमारे ४०० वस्तीचे गाव आहे. या जिल्ह्यातील गवंडी पिढ्यान्‌पिढ्या पॅरिसला कामाला जात आणि पुढे अनेक जण तिकडचेच झाले. १८५१ मध्ये सुमारे २,८७,००० असलेली जिल्ह्याची लोकसंख्या आज जेमतेम १,१५,००० आहे. अशा ओसरत्या मुलखात या गावी १९८८ मध्ये कामगारांनी स्वतःच्या मालकीची लाकूड गिरणी उभारली आणि ती आजही तेच चालवतात. बाहेरून आलेली कुटुंबे येथे रुजली ती अशा उद्योगांमुळे.

सँ-लुई-द्यु-हा! हा! हे कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या तेमिस्क्वाता भागातील गाव तिपटीने मोठे, म्हणजे सुमारे १,३०० वस्तीचे असून गेल्या दशकभरात त्यात फारसा चढउतार झालेला नाही. नावातला ‘हा हा’ म्हणजे जुन्या फ्रेंचमध्ये वाटेत अचानक आडवा येणारा अडथळा; आज मात्र गाव हमरस्त्यालगत आहे आणि परिसर जंगल व मेपलच्या पाकासाठी ओळखला जातो.

खरा फरक कारभारात जाणवतो. फ्रान्समध्ये अगदी लहान कम्यूनचा (गावपातळीवरील स्थानिक संस्थेचा) मेयरही शासनाच्या वतीने जन्म, विवाह आणि मृत्यूची नोंद करतो, त्यामुळे लग्न लागते ते त्याच्याच कार्यालयात, आणि पुष्कळ खेड्यांत हे कार्यालय व शाळा एकाच जुन्या दगडी इमारतीत असतात. मेयरची निवड नगरसेवक सहा वर्षांसाठी करतात. क्वेबेकमध्ये मेयर थेट मतदारांकडून चार वर्षांसाठी निवडला जातो, परंतु पूर्वी चर्चच्या वह्यांत होणाऱ्या जन्ममृत्यूच्या नोंदी १९९४ पासून प्रांताच्या कार्यालयाकडे आहेत. भारतीय नागरिकाला स्थानिक मतदान दोन्हीकडे करता येत नाही. त्यासाठी अनुक्रमे फ्रान्सचे अथवा युरोपीय संघातील देशाचे, आणि कॅनडाचे नागरिकत्व लागते.

मुले लहान असतील तर फ्रान्समध्ये तिसऱ्या वर्षापासून शिक्षण सक्तीचे आहे, मात्र पट घसरला की वर्ग बंद होतो आणि मुलांना शेजारच्या गावी बसने जावे लागते. क्वेबेकमध्ये १९७७ च्या भाषा कायद्यानुसार स्थलांतरितांच्या मुलांना सर्वसाधारणपणे फ्रेंच शाळेतच घालावे लागते. भाषा एकच असली तरी ‘दीने’चे (जेवणाचे) आमंत्रण आले तर क्वेबेकच्या खेड्यात दुपारी जावे, फ्रान्समध्ये बहुधा रात्री.

नोकरीवर अवलंबून असलेल्या आणि शाळकरी मुले असलेल्या कुटुंबाला मी सँ-लुई सुचवेन, कारण तेथील वस्ती स्थिर आहे; मात्र १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात गाडीला हिवाळी टायर कायद्याने बंधनकारक आहेत आणि गाडीवाचून तेथे पान हलत नाही. सुतारकाम, शेती किंवा घरून करता येण्याजोगे काम हाताशी असेल आणि गावाच्या उद्योगांत मनापासून उतरण्याची तयारी असेल, तर फो-ला-मोंतान्य अधिक जवळचे वाटेल. दोन्ही ठिकाणी पाहणीला जुलैत न जाता फेब्रुवारीत जावे आणि दुकान किती वाजता उघडते, डॉक्टर किती अंतरावर आहे, हे स्वतः पाहून यावे.