दोन डब्यांची पद्धत: नऊ महिने वापरल्यानंतर

वॉर्डातल्या साहित्यासाठी 'दोन डबे' पद्धत सुरू करून आम्हाला आता नऊ महिने झाले. मी हॉस्पिटलच्या स्टोअरचं काम बघते. आधी दोन वॉर्ड, मग कॅज्युअल्टी, मग लहान मुलांचा वॉर्ड, असं टप्प्याटप्प्याने गेलो. पहिल्याच महिन्यात लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक झालं असतं, आणि तिसऱ्या महिन्यात बसले असते तर 'या भानगडीत पडू नका' असं लिहून मोकळी झाले असते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रत्येक वस्तूचे दोन डबे. पुढच्या डब्यातला माल आधी वापरायचा. तो संपला की रिकामा डबा रॅकच्या वरच्या कप्प्यावर ठेवायचा आणि मागचा पुढे ओढायचा. स्टोअरचा माणूस ठरलेल्या वेळी फेरी मारतो, रिकामे डबे गोळा करतो आणि डब्यावरच्या कार्डावर जेवढं लिहिलंय तेवढं भरून परत आणतो. सिस्टरने मोजायचं नाही, इंडेंट (स्टोअरकडे पाठवायचं मागणीपत्र) लिहायचं नाही. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी बसवलेल्या कानबानचंच, म्हणजे संपेल तसा माल मागवणाऱ्या कार्ड-पद्धतीचंच, हे साधं रूप.

आधी आमच्याकडे आठवड्याचं इंडेंट होतं. स्टोअर निम्मं कापणार हे माहीत असल्यामुळे वॉर्ड दुप्पट लिहायचा, आणि वॉर्ड दुप्पट लिहितो म्हणून आम्ही निम्मं कापायचो. यात सिस्टरांना दोष देणं मला कधीच पटलं नाही. रात्री दोन वाजता हवी ती कॅन्युला (सलाइनसाठी शिरेत घालायची बारीक नळी) नाही म्हणून ज्या सिस्टरला रुग्णाला तसंच सोडून शेजारच्या वॉर्डात पळावं लागलंय, ती पुढच्या वेळी कपाटात चार जास्त ठेवणारच.

पद्धत सुरू करण्याआधी पहिला वॉर्ड पूर्ण रिकामा केला. कपाट, ड्रेसिंग ट्रॉली, इंजेक्शनच्या टेबलाचा ड्रॉवर, सगळं बाहेर काढून एका चादरीवर मांडलं. गुलाबी कॅन्युला, म्हणजे २० गेज जाडीची, एकाच वॉर्डात पाच ठिकाणी निघाली, आणि त्यातल्या दोन ठिकाणची मुदत उलटून गेलेली होती. आमच्या रजिस्टरमध्ये मात्र हा सगळा माल कधीचाच खर्ची पडलेला, कारण वॉर्डाला दिला की खर्च झाला असंच आपण धरतो. दरवर्षी मी पुरवठादाराशी दरासाठी तासन्‌तास घासाघीस करत होते, आणि पैसा या ड्रॉवरांमध्ये पडून होता. त्या चादरीसमोर उभं राहून मला खरंच वाईट वाटलं.

डब्यात किती भरायचं याचा हिशोब सोपा आहे: रोजचा वापर गुणिले रिकामा डबा भरून परत येईपर्यंतचे दिवस, आणि वर थोडी सवड. दिवसाला १२ कॅन्युला लागत असतील आणि फेरी दोन दिवसांनी असेल तर २४ झाल्या, त्यावर एका दिवसाची सवड धरली की ३६. दोन्ही डबे मिळून ७२. त्यापेक्षा जास्त वॉर्डात असायचं कारण नाही. रोजचा वापर मात्र इंडेंटच्या वहीतून काढू नका, ती वही फुगलेली असते. आम्ही दोन आठवडे रिकामी वेष्टनं मोजली, तेव्हा खरा आकडा हाती आला.

तरीही पहिली मोठी चूक माझ्याच हातून झाली. तपासणीच्या ग्लोव्हजच्या बॉक्सवर १०० लिहिलेलं असतं. ते १०० नग, म्हणजे ५० जोड्या. सिस्टरने मला रोजचा वापर जोड्यांमध्ये सांगितला होता आणि मी कार्ड नगांच्या हिशोबाने भरलं. डबा निम्म्या वेळात संपायला लागला. वॉर्डाला वाटलं स्टोअर पुन्हा कापाकापी करतंय, आणि मला वाटलं ग्लोव्हज बाहेर जातायत. दोन आठवडे एकमेकांशी कडवट बोललो आम्ही. मग इन्चार्ज सिस्टरांनी बॉक्स माझ्यासमोर उघडला आणि जोड्या लावून दाखवल्या. तेव्हापासून प्रत्येक कार्डावर वस्तूचं नाव आणि साइजच्या बरोबरीने 'नग', 'जोडी' की 'बॉक्स' हे ठळक लिहितो. सिरिंज, गॉज, सुचर (टाके घालायचा धागा) सगळ्यांचं हेच आहे: खरेदीचं माप एक, वापराचं दुसरं आणि बिलाचं तिसरं. खर्चाचा हिशोब चुकतो तो बहुतेक वेळा इथेच.

दुसरी अडचण डब्यांच्या मांडणीची. सुरुवातीला दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवले होते. घाईत हात जवळच्या डब्यात जातो, मग दोन्ही अर्धे अर्धे होतात आणि रिकामा डबा वर जातच नाही. फेरी मारणाऱ्याला काही दिसत नाही आणि रात्री एकदम दोन्ही संपतात. तिसऱ्या महिन्यात हेच झालं, सलग दोनदा, आणि मी पद्धत बंद करायच्या बेतात होते. नाइटच्या एका सिस्टरने सुचवलं, दुसरा डबा मागे ठेवा. खोल रॅक आणले, डबे एकामागे एक ठेवले, आणि तक्रार थांबली. इतकी लहान गोष्ट, पण मी ती कागदावर बसून कधीच ओळखली नसती.

मला सगळ्यात आवडलेली बाजू मुदतीची आहे. जुना माल आधी संपवा असं आपण सगळे सांगतो, पण कपाटात नवीन बॉक्स पुढे येतो आणि जुना मागे सरकत राहतो. इथे डबा तळापर्यंत रिकामा झाल्याशिवाय भरायलाच जात नाही, त्यामुळे तळाशी जुनं काही उरत नाही. अट एकच: उरलेल्या दोन-चार नगांवर नवा माल ओतायचा नाही. फेरी मारणाऱ्याला हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो.

आता जिथे ही पद्धत उपयोगाची नाही ते. डब्याचा आकार सरासरी वापरावर ठरतो, आणि साथ आली की सरासरीला काही अर्थ उरत नाही. तापाच्या साथीत मुलांच्या वॉर्डातली पिवळी, २४ गेजची कॅन्युला चार दिवसांत संपली. लहान मुलाची शीर मिळणं मुळातच अवघड, एकाच मुलाला दोन-तीन कॅन्युला लागतात. त्या रात्री आईच्या मांडीवरचं बाळ रडत होतं आणि आम्ही दुसऱ्या वॉर्डातून माल मागवत होतो, हे मी विसरलेली नाही. आता मुलांच्या वॉर्डाची दोन कार्डं आहेत, नेहमीचं पांढरं आणि साथीचं लाल. भरती वाढू लागली की इन्चार्ज सिस्टर लाल लावतात. माझी परवानगी लागत नाही.

इमर्जन्सी ट्रॉली तर यात घालूच नका. एबीसी वर्गवारी पैशाकडे बघते: थोड्या वस्तू जास्त खर्च खातात, त्या ए गटात. अॅड्रेनालिन किंवा अॅट्रोपिनची अँप्युल स्वस्त आणि क्वचित लागणारी, म्हणून ती सी गटात जाऊन पडते. पण ती नसेल तर माणूस जातो. म्हणून पैशाच्या वर्गवारीच्या जोडीला गरजेची हवी: अत्यावश्यक, आवश्यक आणि असल्यास बरं. ट्रॉलीत ठरलेली संख्या, वर सील, महिन्याला तपासणी. मुदत जवळ आलेल्या अँप्युल आम्ही वेळेआधी काढून कॅज्युअल्टीला देतो, तिथे त्या वापरल्या जातात, आणि ट्रॉलीत लांब मुदतीच्या ठेवतो. लसी आणि इन्सुलिनसारख्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या गोष्टीही डब्याबाहेरच.

डब्यांच्या जोडीला स्टोअरमध्ये बारकोड स्कॅनर घेतला. त्याने बॅच आणि मुदत हाताने टाइप करण्याचं काम वाचलं, हे मान्य. पण एका गोष्टीने फार त्रास दिला. खोक्यावरच्या चौकोनी कोडमध्ये १७ या आकड्यानंतर मुदत येते, वर्ष-महिना-दिवस अशा सहा आकड्यांत. उत्पादकाने दिवस दिलेला नसेल तर तिथे ०० असतात, आणि त्याचा अर्थ त्या महिन्याचा शेवटचा दिवस. २७११०० म्हणजे ३० नोव्हेंबर २०२७ पर्यंत. आमचं सॉफ्टवेअर ते ३१ ऑक्टोबर वाचत होतं. म्हणजे चांगला माल महिनाभर आधीच 'मुदतबाह्य'च्या लाल यादीत. एका सलाइन सेटचं खोकं हातात घेऊन छापील तारीख आणि पडद्यावरची तारीख शेजारी ठेवली तेव्हा हे लक्षात आलं. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांनी दुरुस्त करायला सहा आठवडे लावले, तोवर हाताने तारखा बदलत बसले. तुम्ही स्कॅनर घेणार असाल तर पैसे देण्याआधी ०० वाली दोन-चार खोकी त्यांच्यासमोर स्कॅन करून बघा.

खर्च कमी झाला का, हे सगळे विचारतात. झाला, पण पहिल्या दोन महिन्यांत तो कृत्रिम होता. चादरीवर निघालेला चांगला माल आधी वापरल्यामुळे खरेदी थांबली, एवढंच. तो आकडा व्यवस्थापनाला दाखवू नका, पुढच्या वर्षीचं बजेट त्यावर कापलं जाईल. खरा फरक नंतर दिसला: मुदत संपून टाकून द्यावा लागणारा माल घटला, ऐनवेळी चढ्या दराने बाहेरून आणायच्या खेपा घटल्या. आणि इंडेंट लिहिण्यात जाणारा सिस्टरांचा वेळ रुग्णाजवळ गेला. तो कुठल्याही बिलात दिसत नाही, पण माझ्या मते तोच सगळ्यात मोलाचा.

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, अजून सुरुवात केलेली नाही. तिथला खर्च डब्यात नसून फोडलेल्या पाकिटांत आहे. शस्त्रक्रियेआधी चार सुचर फोडून ठेवले आणि दोनच लागले, तर उरलेले दोन गेलेच. म्हणून सध्या ओटीच्या इन्चार्ज सिस्टर आणि मी प्रत्येक सर्जनची यादी दोन रकान्यांत लिहून काढतोय: काय आधी उघडायचं आणि काय फक्त हाताशी ठेवायचं, मागितल्यावरच फोडायचं. आजवर तीन सर्जनच्या याद्या झाल्यात. चौथ्यांनी काल स्वतःहून थांबून आपल्या यादीतल्या पाच वस्तू दुसऱ्या रकान्यात टाकायला सांगितल्या.