बादोल्योवरची ऑडिओ सिरीज ऐकली, एकदा ऐकाच

इटलीचा जनरल पिएत्रो बादोल्यो, 1917 ला पहिल्या महायुद्धात कापोरेत्तोच्या लढाईत याच्या कोअरच्या (मोठ्या सैन्यतुकडीच्या) भागातून शत्रू आत घुसला तरी याला शिक्षा नाही उलट बढतीच मिळाली, हे ऐकून मी तर थक्क झालो. पुढे 1936 ला इथिओपियात विषारी वायू वापरून अदिस अबाबा घेतलं, तो भाग ऐकताना फार त्रास होतो, पण त्यांनी तो गाळला नाही हे मला खूप आवडलं.

सगळ्यात भारी झालाय तो 1943 चा भाग. 25 जुलैला हुकूमशहा मुसोलिनीची सत्ता गेली, राजानं याला पंतप्रधान केलं, हा रेडिओवर म्हणतो युद्ध चालूच राहील आणि आतून दोस्त राष्ट्रांशी बोलणी, मग 8 सप्टेंबरला शस्त्रसंधी जाहीर आणि दुसऱ्या दिवशी पहाटे राजासोबत रोम सोडून दक्षिणेतल्या ब्रिंदिसी बंदराकडे पळाला, सैन्याला धड ऑर्डर पण नाही!! त्या बिचाऱ्या सैनिकांचं काय झालं यावर अजून एक एपिसोड हवाच होता.

हा लिबियाचा गव्हर्नर होता तो काळ फारच घाईत उरकलाय, म्हणून एक स्टार कमी. आवाज एकदम क्लिअर आहे.