जर्मनीत रविवारची उपासना: मोबाइलवर मराठी, शहरात इंग्रजी की गावातली जर्मन?

"मावशी, तिकडे चर्चचं काय करायचं?" नर्सिंगच्या कामाला जर्मनीला निघालेल्या नवापूरच्या एका मुलीनं परवा विचारलं. मी तिकडे तीन वर्षं होते आणि तिन्ही प्रकारे रविवार काढलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

मोबाइलवर आपल्याच मंडळीची उपासना बघणं सगळ्यात सोपं वाटतं. वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे इथली सकाळी साडेनऊची उपासना थंडीत तिकडे पहाटे पाचला. ढोलकी ऐकून डोळे भरून येतात, पण आशीर्वाद झाला की खोलीत आपण एकट्याच.

इंग्रजी उपासना मोठ्या शहरात मिळते. केरळ, नायजेरिया, फिलिपिन्सची माणसं भेटतात, संदेशही बराचसा कळतो. पण मला काम मिळालं ते लहान गावी. तिथून रेल्वेनं दीड तास, त्यात रविवारची ड्यूटी. शिवाय ओळख होईस्तोवर तिथली माणसं नोकरी बदलून दुसऱ्या गावी गेलेली असायची.

माझा कौल गावातल्या जर्मन उपासनेला. पहिले काही महिने जड जातात, हे खरं. नर्स म्हणून मान्यता मिळायला बी-टू पातळीचं जर्मन लागतं, पण त्या अभ्यासात जखम, पट्टी, रक्तदाब येतात. कृपा आणि पश्चात्ताप येत नाहीत. संदेशातलं निम्मंही मला कळत नसे. तरी धरायला बरंच असतं. गीतांचे क्रमांक समोरच्या फळीवर लावलेले असतात. त्या रविवारचे शास्त्रपाठ आधीच ठरलेले असतात, ते शनिवारी रात्री मराठी बायबलमध्ये वाचून ठेवायचे. कॅथलिक मुलींना तर आणखी सोपं: मिस्साचा क्रम भुसावळला जो, तोच तिकडे. प्रभूची प्रार्थना जातानाच जर्मनमध्ये पाठ करा. 'फाटर उन्झर' म्हणताना मी पहिल्यांदा त्या लोकांतली एक झाले. दुसऱ्या हिवाळ्यात तापानं पडले, तेव्हा त्याच चर्चमधल्या एक आजी सूप घेऊन दारात आल्या.

आमच्या घरी मावची बोलतात. माझ्या आजीला पाळकसाहेबांचं पुस्तकी मराठी पुरतं कधीच कळलं नाही, गीतं मात्र तोंडपाठ होती. बाकावर बसून न कळणाऱ्या भाषेत डोळे मिटायचे, हे तिनं जन्मभर केलं. जर्मन चर्चमध्ये मला तिची फार आठवण यायची.

पैशाचंही बघा. पत्त्याची नोंदणी करताना धर्म विचारतात. कॅथलिक किंवा प्रॉटेस्टंट लिहिलं की आयकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्चकर पगारातून कापला जातो; किती, ते राज्यावर अवलंबून. हे पगाराचे टक्के नव्हेत, आयकराचे. मी भरला आणि मला तो कधी जड वाटला नाही, पण घरी आईवडिलांना आधी सांगून ठेवा.

त्या मुलीला एवढंच सांगितलं: पहिल्या रविवारी मागच्या बाकावर बस आणि संपल्यावर लगेच निघू नकोस, कॉफीला थांब. नाव विचारतील, गाव विचारतील. तेवढं जर्मन तुला येतं.